दाराच्या डाव्या हाताला

उंबरवाडी, ता. खालापूर
४ जानेवारी २०२५

ती. छायाआत्या,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून तुला वाटेल, पोरीचा फोन हरवला. हरवला नाही, कॉलेजच्या ऑफिसातल्या कपाटात बंद आहे. आमच्या 'सेवा-नेतृत्व' अभ्यासक्रमाचा नियमच तसा आहे. वाडीत राहायचं तोवर फोन नाही, आणि गटप्रमुखाने एक माणूस निवडून त्याला पत्रं लिहायची. ज्याला खरं सांगावंसं वाटेल असंच माणूस निवडा, असं मॅडम म्हणाल्या. मी तुला निवडलं. आई-पप्पांना लिहिलं असतं तर "जेवतेस ना?" एवढंच उत्तर आलं असतं.

हो, मी गटप्रमुख झाले! आमचं कॉलेज केवढंसं, सगळी मुलं एका लग्नाच्या मांडवात मावतील. इतिहास, गणित, नाटक सगळं एकाच ताटात वाढतात. पण या अभ्यासक्रमात नाव लागावं म्हणून सगळे धडपडतात. माझ्या हाताखाली चांगला मोठा गट आहे. फिझा नावाची मुलगी माझा उजवा हात. ती कर्जतचीच, तोंडाने जरा फटकळ.

मॅडमचं एक वाक्य आम्हाला पाठ झालंय. लोकांना एकदाच येऊन फोटो काढून जाणाऱ्यांचा कंटाळा आलाय. जो परत येतो, तोच पुढारी. म्हणून कुणाच्याही घरातून निघताना घराला सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मी गटाला शिस्तच लावलीय, निघताना सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "येतो आजी! येतो काका!" वाडीतली पोरं आमची नक्कल करतात.

इथल्या मुलांना अभ्यासाला जागा नाही. तेवढी एक अभ्यासिका उभी करायची आहे, पण खोली कुणी देत नाही.

वाडीच्या टोकाला सोमीआजी राहते. नवरा नाही, मूल नाही, बाजेवरून उठवत नाही. शेजारचा बुधाजी भाकर नेऊन देतो. पहिल्या दिवशी गेले तर विचारते, "तू कुनाची गं?" मी म्हटलं, शेलूची. तर लगेच, "आनि कवा जाशील?" येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच विचारते म्हणे. मी म्हटलं, "जात नाही आजी, येते." तोंडात एकही दात नाही, तरी काय गोड हसली! "ये हां. मी वाट बघीन."

पत्रं रज्जाकभाईंच्या टेंपोतून येतील-जातील. ते इथे किराणा टाकतात आणि तुमच्या कोंडाण्यालाही येतात.

तुझी,
भाग्यश्री


कोंडाणे
८ जानेवारी २०२५

चि. भाग्यश्री,
जय भीम. तुझं पत्र आलं तेव्हा मी ओट्यावर वाल सोलत बसले होते. रज्जाकभाई म्हणाला, "वैनी, आता टपालखातं पन आमच्याच गाडीत. टमाट्याखाली सापडलं, वास आला तर सांभाळून घ्या." निघताना तो नेहमीसारखं "येतो, इन्शाल्ला" म्हणाला. मी एकदा त्याला विचारलं होतं, नुसतं 'येतो' का म्हणत नाहीस? तर म्हणे, "नुसतं येतो बोललो तर जबाबदारी माझी. इन्शाल्ला बोललो की वरच्याची. टेंपो जुना हाय ना."

तू प्रमुख झालीस, मला फार बरं वाटलं. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली तू पहिली. मी तर किराण्याच्या पुडीचे कागद सरळ करून करून वाचायला शिकले. अर्धी बातमी, अर्धी गोष्ट, पुढचा भाग दुसऱ्या कुणाच्या तरी साखरेला गेलेला. त्यामुळे शेवट नसलेल्या गोष्टींची मला सवय आहे. आता ग्रंथालयातून पुस्तकं आणते, तरी शेवटचं पान आलं की हात थांबतो.

तुझ्या पप्पाचा निरोप आला होता, शेलूला फ्लॅटवर राहायला ये म्हणून. त्याला सांग, पुन्हा पुन्हा म्हणू नकोस. मला घर सोडवत नाही. तुझे दामूकाका याच दारातून रसायनीला कामावर निघाले, डबा हातात घेऊन "येतो" म्हणाले. सुट्टी झाल्यावर गाडीची वाट बघत बाकावर बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. म्हणाले असतील ते, पण "येतो" हा त्यांचा शब्द अजून माझ्याकडे आहे. त्याला बराच काळ झाला. रडणं वगैरे आता नाही. घर शांत आहे, मी वाचते, माझं ठीक चाललं आहे.

तू सोमीआजीला 'येते' म्हणालीस ना, मग खरंच जा. म्हाताऱ्या माणसाला तो शब्द पुष्कळ दिवस पुरतो.

तुझी,
छायाआत्या


उंबरवाडी
१९ जानेवारी २०२५

ती. आत्या,
जय भीम.

सोमीआजी गेली.

मधे आम्हाला आढाव्यासाठी कॉलेजला बोलावून घेतलं होतं. तक्ते, फोटो, "आमचा अनुभव" असलं सगळं. परत आलो तर माती देऊन झाली होती. बुधाजी म्हणाला, "शेवटी निस्तं तुझंच चाललं व्हतं. शेलूवाली आली का, शेलूवाली आली का."

आम्ही भेटायला गेलो. बायका बसल्या होत्या, आम्ही पण बसलो. कुणी बोलत नव्हतं. उठताना रिकाम्या बाजेला मी हात जोडले आणि सवयीने तोंडातून निघालं, "येते आजी." आणि माझ्यामागून अख्खा गट, शिस्तीत, मोठ्याने: "येतो आजी!"

आत्या, त्या बायकांनी एकमेकींकडे कसं बघितलं! बुधाजीने पेटलेली विडी टाकून दिली. आम्ही उतारावर पोचेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. आमचं काय चुकलं?

पण एक चांगलं झालं. अभ्यासिकेसाठी वाडीने आजीचं घर दिलं. इतके दिवस खोली मिळत नव्हती, आणि हे घर अर्ध्या शब्दात. "घ्या. आमाला नाय लागत," एवढंच बुधाजी म्हणाला. आम्ही भिंती सारवल्या, फळ्या ठोकल्या. आणि लोक किती मायेचे! दुपारी चढण चढून घामाघूम होऊन आम्ही पोचतो, तर दारापाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असतो, वर पेला पालथा. माठातलं असावं इतकं गार पाणी. कोण ठेवतं ते कधी दिसत नाही.

तुझी,
भाग्यश्री


कोंडाणे
२२ जानेवारी २०२५

भाग्यश्री,
तुला तुझ्या आईने सांगितलं नव्हतं का? तुमच्या फ्लॅटमध्ये लिफ्टपर्यंत जाऊन बाय करतात, तिथे कोण शिकवणार म्हणा.

मयताच्या घरातून उठताना 'येते' म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत. उठायचं, चपला पायात घालायच्या, चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. 'येते' म्हणजे पुन्हा या घरात असंच बसायला येते, असा त्याचा अर्थ होतो, म्हणून मोठी माणसं तो शब्द गिळतात. एवढंच कारण मला माहीत होतं.

आपल्यात भूतखेत मानत नाहीत. मीही मानत नाही. पण बोललेला शब्द असतोच, त्याला मानण्या-न मानण्याचा प्रश्न नाही. 'येते' म्हटलं की कुणीतरी वाट बघायला लागतं. जिवंत माणूस वाट बघून कंटाळतं, त्याला झोप लागते, दुसरी कामं निघतात. मेलेल्याला दुसरं काम नसतं.

ते पाणी पिऊ नका. मुलांनाही देऊ नका. दाराच्या डाव्या हाताला असतो ना तांब्या, तो ओतून टाक आणि पालथा घाल. मग ओट्यावर उभी राहून स्पष्ट 'जाते' म्हण. आपल्या बायका तो शब्द तोंडातून काढत नाहीत, पण तू काढ. ज्याने शब्द दिला त्यानेच तो मागे घ्यायचा असतो.

माझं ठीक आहे. उत्तर लवकर पाठव.

छायाआत्या


उंबरवाडी
३० जानेवारी २०२५

आत्या,
आधी मला हे सांग. तांब्या दाराच्या डाव्या हाताला असतो हे तुला कसं कळलं? मी फक्त "दारापाशी" लिहिलं होतं. मला चांगलं आठवतं.

तुझं पत्र आल्यावर मी बुधाजीला विचारलं, पाणी कोण ठेवतं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "पानी? तिकडं आमी कोनच जात नाय. आमाला वाटलं तुमीच ठेवता." मी तांब्या ओतला, पालथा घातला. दुसऱ्या दुपारी सुलटा, भरलेला. फिझा म्हणाली उंदराने सुलटा केला असेल. मी म्हटलं, आणि भरला कुणी? ती म्हणाली, "इतका हुशार उंदीर असेल तर त्याला गटात घेऊ." सगळे हसले, पण त्या दिवसापासून कुणी आत येत नाही. आता पुस्तकं शाळेच्या पडवीत लावतात. आतमध्ये एक पाट मांडलेला असतो, दाराकडे तोंड करून. एकच पाट.

मी जाते. म्हणजे मी एकटीच जाते तिथे.

तू सांगितलंस तसं ओट्यावर उभी राहिले. 'जाते' म्हणायचं ठरवून तोंड उघडलं आणि 'येते' आलं. पुन्हा उघडलं, पुन्हा 'येते'. लहानपणी चुकून 'जाते' म्हटलं तर आई तोंडावर हात ठेवायची, "असं बोलू नये, येते म्हणावं." तो शब्द म्हणायला माझी जीभच वळेना. तेवढ्यात आतून कुणीतरी म्हणाल्यासारखं वाटलं, "ये हां."

तुला वाटेल मी घाबरले. नाही गं. बरं वाटलं. शेलूला शाळेतून आले की कुलूप मीच काढायचे. आई-पप्पा रात्री यायचे. दार उघडलं की आत नुसता फ्रिजचा आवाज. मी येणार म्हणून कुणी पाणी भरून ठेवलंय, पाट मांडलाय, हे मला आजवर माहीतच नव्हतं. मॅडम म्हणतात तेच खरं ना, परत येणं हीच सेवा?

भाग्यश्री


उंबरवाडी
५ फेब्रुवारी २०२५

छायाआत्या,
अस्सलाम अलैकुम. मी फिझा. तुमची-आमची ओळख नाही, तरी लिहिते. रज्जाकचाचांना म्हटलं, टमाट्याखाली नको, खिशात ठेवून न्या.

येत्या सोमवारी आमचा मुक्काम संपतो, जीप न्यायला येणार आहे. भाग्यश्री म्हणते ती येणार नाही. तिने कॉलेज सोडायचा अर्ज लिहिलाय. सकाळी आमच्याबरोबर नाश्त्याला बसते, खात नाही. दुपारपासून त्या घरात पाटावर बसून राहते. आमच्या बाटलीतलं पाणी पीत नाही, म्हणते, "माझं आहे तिकडे."

मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "चांगलंय, ती समाजाशी समरस होते आहे." आत्या, मी हसायचं की रडायचं?

काल मी दारातून तिला हाक मारली. तिने वळून बघितलं नाही. म्हणाली, "तू कुनाची गं? आनि कवा जाशील?" मला वाटलं मस्करी करते, ती नक्कल छान करते. पण मस्करी करणारा माणूस नंतर हसतो. आवाज तिचाच होता, पण दात नसल्यावर येतो तसा.

आता आम्ही कुणाच्याही घरातून निघताना तोंड बंद ठेवून निघतो. तुम्ही काहीतरी करा. ती तुमचं नाव घेते अधूनमधून, म्हणते "आत्याला माहीत आहे डावा हात." म्हणजे काय?

फिझा


कोंडाणे
७ फेब्रुवारी २०२५

चि. भाग्यश्री,
तू एक प्रश्न विचारलास आणि मी उत्तर न देता बसून राहिले. आता देते.

माझ्याही दाराच्या डाव्या हाताला असतो.

भिंतीत एक फळी आहे, तुला माहीत आहे, काका तिथे घड्याळ काढून ठेवायचे. ते कामावरून आले की मी त्या फळीवर पाण्याचा पेला भरून ठेवायचे. ते गेले. त्यांच्या जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी मी बाजाराला निघाले, आणि फोटोकडे बघून, रोज त्यांना म्हणायचे तसं म्हटलं, "येते." परत आले तर फळीवर पेला. भरलेला. माझ्यासाठी.

तेव्हापासून रोज. मी निघताना 'येते' म्हणते आणि परत आले की पाणी असतं. मीच भरून जाते का? मला आठवत नाही. आठवायचा प्रयत्नही मी करत नाही. निघताना त्या फळीकडे मी बघत नाही, मुद्दाम. मी शेलूला का येत नाही ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. कुणाला सांगितलं नव्हतं. शहाणी म्हणवणारी, पुस्तकं वाचणारी बाई, आणि घरात हे.

बरं वाटतं असं तू लिहिलंस. खोटं नाही. मला तर ते रोज बरं वाटतं. पण पोरी, मला ते चालून जातं. माझा संसार झाला, माझं माणूस माझंच होतं. तू अजून कशाचीच सुरुवात केलेली नाहीस, आणि ज्या म्हातारीशी तुझी चार वाक्यांची ओळख, तिच्या पाटावर तू तिच्यासारखीच दात गेल्यागत बोलत बसणार? मी ते होऊ देणार नाही. सोमीबाईचा राग नाही मला. तिने खरंच वाट बघितली, कुणी सांगितल्याशिवाय ती वाट बघणं सोडणार कशी? पण ती आता तुझं कॉलेज, तुझं बोलणं, तुझी भूक, सगळं त्या वाट बघण्यात घालून बसली आहे.

तुला 'जाते' म्हणता येत नाही. मलाही कधी आलं नाही. मग जे मला येत नाही ते तुला शिकवणार कोणत्या तोंडाने? तेव्हा आधी मी माझ्या घरात म्हणणार आणि मग तुझ्याकडे निघणार.

सोमवारी रज्जाकभाईच्या टेंपोने येते. हा 'येते' जिवंत माणसाला दिलेला आहे. पाटावरून उठून बाहेर बस.

तुझी,
आत्या


कॉलेज, खालापूर
१३ फेब्रुवारी २०२५

आत्या,
मी झोपते, जेवते, वर्गातही जाते. अर्ज फिझाने फाडून टाकला आणि तुकडे मला दाखवले. फोन मिळालाय, पण हे फोनवर नाही विचारता येत.

मला तुझा हात आठवतो, खरखरीत. ओट्यावर आपण दोघी उभ्या होतो ते आठवतं. तो शब्द काढताना माझा ओठ फुटला, अजून आंबट खाववत नाही. तू म्हणालीस, "आता चालू लाग, मागे बघायचं नाही." मी जीपपर्यंत बघितलं नाही. पण तू लगेच आली नाहीस. तू मागे काय केलंस? तिथे काय होतं? आणि तुझ्या घरी?

भाग्यश्री


कोंडाणे
१६ फेब्रुवारी २०२५

चि. भाग्यश्री,
जय भीम. तू मागे बघितलं नाहीस, ते बरं केलंस. म्हणून तुला सांगते.

सोमवारी सकाळी मी पहिल्यांदा त्या फळीकडे बघून निघाले. पेला घासला, पदराने कोरडा पुसला, फळीवर पालथा घातला. दारात उभी राहिले. बाहेर रज्जाकभाई हॉर्न वाजवत होता. तोंड उघडलं की 'येते'च येत होतं, तुझ्यासारखंच. शेवटी फोटोकडे पाठ केली. त्यांच्याकडे बघून जमलंच नसतं. दाराला म्हटलं, "तुम्ही येतो म्हणाला होतात. तो शब्द मी इतके दिवस धरून बसले. आता परत घ्या. तुम्ही मोकळे. मी जाते." टेंपोत बसल्यावर मला रडू आवरेना. रज्जाकभाई म्हणाला, "वैनी, जरा इकडं तोंड करा. मागं टमाटे हायत, खारट व्हतील." मला हसू आलं.

वाडीत सगळे लांब उभे होते. बुधाजी म्हणाला, "मी येत नाय हां." मी म्हटलं, तुला कुणी बोलावलंय? आत आले. तू पाटावर होतीस, भिंतीला डोकं टेकून. तुला आठवत नसेल, तू मला विचारलंस, "तू कुनाची गं?" मी सांगितलं, "भाग्यश्रीची." तेव्हा तुझा चेहरा हलला. मग तुला उठवलं. एवढीशी तू, पण मला वाटलं दोन बायका उचलते आहे. पुढचं तुला ठाऊक आहे. तू 'जाते' म्हणालीस, नीट, दातांनी.

तू उतारावर गेल्यावर मी दारात उभी राहिले. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. म्हटलं, "सोमीबाई, पोर चुकली. तिला रीत माहीत नव्हती. तुम्ही चांगलं केलंत, पाणी दिलंत, बसायला दिलंत. पण ती येणार नाही. कुणीच यायचं नाही आता. वाट बघू नका." तांब्या डाव्या हातालाच होता. मी तो ओट्यावर ओतला.

आत आवाज झाला. पाट सरकतो तसा, खूप वेळ बसलेलं माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतं तेव्हा होतो तसा. आणि कुणीतरी "बरं" म्हणालं. बुधाजी मागे खोकला होता, त्याचंही असेल. मी ठरवलेलं नाही. डोकावले तेव्हा पाट भिंतीला उभा लावून ठेवलेला होता, पंगत उठल्यावर ठेवतात तसा. मी लावला नव्हता, तू तर लावलाच नव्हतास. मग मीही तोंड मिटून, मागे न बघता खाली आले. मॅडम जीपपाशी म्हणाल्या, "तुम्ही फार छान निरोप घेतला, आम्ही हे अभ्यासक्रमात घेऊ का?" मी म्हटलं, परत येणं शिकवता, तसं एकदा नीट जाणंही शिकवा.

आता माझ्या घराचं.

खोटं कशाला बोलू, कडी काढताना मला वाटत होतं की पेला भरलेला असावा. सगळं बोलून आले तरी वाटत होतं. आत आले. पेला पालथाच होता, मी ठेवला तसा. मी दारातच उभी राहिले. घरात कसलाही आवाज नव्हता, आणि ही शांतता वेगळी होती. आधीच्या शांततेत कुणीतरी गप्प बसलेलं असायचं.

मग मी पेला उचलला. त्याच्याखाली फळीवर ओलं वर्तुळ होतं. सकाळी मी तो कोरडा पुसून ठेवला होता, तुला वर लिहिलंच आहे. मी बोट लावून बघितलं. पाणीच होतं, गार.

लांबच्या वाटेला निघणारं माणूस पाणी पिऊन निघतं. तेही पिऊन निघाले, असं मी धरलं. इतके दिवस ते पाणी माझ्यासाठी होतं, शेवटचं त्यांनी स्वतः घेतलं असेल. पुडीच्या कागदावरच्या गोष्टीसारखं आहे हे, पुढचा तुकडा माझ्याकडे नाही. या वेळी मला तो नकोही आहे.

त्या वर्तुळावर मी हात ठेवला आणि ते वाळेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग माठातून पाणी घेतलं आणि माझं मी प्याले.

तुझ्या पप्पाला मी फोन केला. वालाची शेवटची तोड झाली की शेलूला राहायला येते आहे. तुझ्या आईने विचारलं, सोबत काय काय आणणार? म्हटलं, कपडे आणि पुस्तकं. पेला इथेच राहील.

तू सुट्टीला घरी येशील तेव्हा कुलूप काढायला किल्ली शोधू नकोस. बेल वाजव, दार मी उघडीन. पाणी आधीपासून भरून ठेवणार नाही. मागितलंस की देईन.

तुझी,
छायाआत्या